मुकादमानं पाठवलेली पसंती

"भक्ती, जो माणूस दरवेळी जागेचं नाव टाइप करतो ना, त्याचा स्वतःच्या डोक्यावर भरवसा नसतो!"

हरिओमनं हे वाक्य खुर्ची मागच्या दोन पायांवर झुलवत टाकलं आणि पलीकडच्या टेबलावरच्या भक्तीकडं असं बघितलं, की जणू तिनं ते पाटीवर लिहूनच घ्यावं! भक्ती पूर्णेची. रोज रेल्वेनं परभणीला यायची. ती मान वर न करता म्हणाली,

"माझा न्हाई बाबा भरवसा. डब्यावरची पाटी वाचल्याबिगर मी गाडीत बी बसत न्हाई."

"म्हणूनच तुला एका कामाला अर्धा तास लागायलाय. आपण बघ! दोन शब्द, एक एंटर, काम खतम!"

हे दोघं ज्या हापिसात बसायचे, ते वसमत रोडवरचं 'जमवाजमव' वधूवर सूचक केंद्र. मालक काशीनाथराव. एके काळी हे गृहस्थ खांद्याला पिशवी अडकवून, पिशवीत मुलामुलींचे फोटो घेऊन, दुसऱ्यांच्या लग्नांत जेवायच्या पंगतीतून स्थळं जमवत फिरायचे. पुढं पिशवी गेली आणि अ‍ॅप आलं. अ‍ॅप चालवणारी यंत्रं लांबच्या कुठल्या तरी शहरात भाड्यानं घेतलेली. त्याला क्लाउड म्हणतात, एवढं काशीनाथरावांना कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून ते येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचे, "आमची सगळी स्थळं वर ढगात असतात!"

"मग खाली कधी येणार?" असं एका त्रासलेल्या बापानं विचारलं होतं.

तर या ढगातल्या यंत्रांना कामाला लावायला हरिओमच्या कॉम्प्युटरवर एक साधन होतं. काळी खिडकी उघडायची, हुकूम टाइप करायचा, एंटर दाबायचं. साधनाचं मूळ इंग्रजी नाव जिभेला झेपेना, म्हणून हापिसात त्याला सगळे 'मुकादम' म्हणायचे. हुकूम मुकादमाला द्यायचा, मुकादम तिकडं यंत्रांकडून काम करून घेणार! आणि मुकादमाच्या हाताखाली दोन शिवारं होती. एक 'सराव'. तिथली वरमंडळी, वधूमंडळी सगळी खोटी. हरिओमनं बसल्या बसल्या बनवलेली. त्या सगळ्यांचा मोबाईल नंबर एकच, हापिसाच्या खिडकीत पडलेल्या जुन्या फोनचा. दुसरं शिवार 'असल'. तिथं जिल्ह्याभरातली जितीजागती, लग्नाला टेकलेली माणसं.

हुकूम देताना शिवाराचं नाव घेतलं, तर मुकादम त्या शिवारात जायचा. नाही घेतलं, तर तुम्ही शेवटी ज्या शिवारात उभे होतात तिथंच कामाला लागायचा. विचारायचा नाही, साधं खाकरायचासुद्धा नाही! पूर्वीच्या बायका नवऱ्याचं नाव न घेता नुसतं "अहो" म्हणायच्या आणि बरोबर तोच माणूस वळायचा. हरिओमचा सगळा कारभार या "अहो"वर चालला होता. ओसरीवर दोन नवरे बसलेले असले तर कोण वळणार, हा विचार त्याच्या मनाला कधी शिवला नव्हता.

तेवढ्यात काशीनाथराव आतून आले.

"हरिओम, लग्नसराई तोंडावर आली. एकाच दिवशी सगळ्यांनी पसंती कळवली तर आपलं अ‍ॅप टिकतंय का बसतंय, हे मला आज कळलं पाहिजे."

"बस का साहेब? आत्ता दाखवतो!"

हरिओमनं काळी खिडकी उघडली. सराव शिवारात जाऊन उभा राहिला. विसरायला नको म्हणून खिडकीच्या डोक्यावर 'सराव' असं नावही देऊन ठेवलं. एवढी खबरदारी घेणारा माणूस पुढं गाढव ठरतो, हे कुणाला सांगून खरं वाटेल?

"हरिओम, जरा असलमधी बघ की," भक्ती म्हणाली. "त्या जिंतूरच्या मुलाचा फोटो उलटा दिसायलाय. पोरीकडची माणसं विचारायलीत, मुलगा शीर्षासन करतो का म्हणून."

हरिओमनं दुसरी खिडकी उघडली. असल शिवारात गेला. जिंतूरच्या मुलाला पायांवर उभं केलं. परत पहिल्या खिडकीत आला. तिच्या डोक्यावर ठळक अक्षरांत 'सराव' लिहिलेलं होतंच.

आता इथंच खरी मेख होती. मुकादमाला खिडक्या कळत नाहीत. तुम्ही दहा खिडक्या उघडा नाही तर शंभर, त्याच्या लेखी मालक एक आणि मालकाची जागाही एकच. शेवटची!

हरिओमनं टाइप केलं: उत्तराची वाट बघणारी सगळी स्थळं, पसंत. शिवाराचं नाव? छे! आणि पियानो वाजवणाऱ्याच्या थाटात, मनगट उचलून एंटर!

"आता बघा साहेब, तो खिडकीतला फोन कसा नाचतो ते!"

तिघंही त्या जुन्या फोनकडं बघायला लागले. फोन मेलेल्या पालीसारखा पडून होता. त्याऐवजी हरिओमचा खिसा थरथरला.

त्यानं फोन काढला. 'अभिनंदन! आपल्याला समोरच्या स्थळाकडून पसंती आली आहे. पुढील बोलणी करण्यासाठी संपर्क साधावा.'

आईनं त्याचं नाव 'जमवाजमव'वर घातलं होतं. आईनं पसंत केलेल्या मुली, मुलींच्या बापांनी पसंत केलेला हरिओम, असा बराच माल तिथं उत्तराविना पडलेला होता. हरिओमला वाटलं, वा! आज दिवस चांगला दिसतोय! एवढ्यात दुसरा मेसेज आला. मग तिसरा. मग भक्तीचा फोन वाजला, कारण तिच्या वडिलांनीही तिचं नाव घातलं होतं.

"हरिओम," भक्ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "मला मानवतच्या डॉक्टरची, सेलूच्या सराफाची आणि ज्याचा फोटो तू आत्ता सरळ केलास त्याची बी पसंती आलीय."

हरिओमच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्याच्या मळ्यात बोरं पाडताना मालकाची खाकर ऐकू आल्यावर माणूस जसा कुंपणावरून उडी टाकतो, तशी त्यानं असल शिवारातून सरावात उडी टाकली! आणि तिथं पोचल्यावर ओरडल्यासारखं टाइप केलं: थांबव!

मुकादमाचं लगेच उत्तर आलं. थांबवलं.

"थांबवलं!" हरिओम खुर्चीत कोसळला.

फोन वाजतच होते.

"कुठं थांबवलं?" भक्तीनं विचारलं.

"मुकादमाला सांगितलं की!"

"अरे पण कुठल्या शिवारात?"

हरिओमनं स्क्रीनकडं बघितलं. सरावातली सगळी खोटी वरमंडळी हुकमाप्रमाणं मुकाट थांबून बसली होती. असलमध्ये पसंत्यांचा पाट फुटला होता. भक्तीनं पुढं वाकून शिवाराच्या नावासकट हुकूम टाइप केला, तोवर शेवटची पसंती शेवटच्या घरात पोचली होती. अ‍ॅप मात्र बसलं नाही. चाचणी शंभर टक्के यशस्वी!

काशीनाथराव सगळं ऐकत उभे होते. त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे किती जणांची लग्नं ठरली?"

"सगळ्यांची," हरिओम म्हणाला.

हापिसाचे सगळे फोन एकदम सुरू झाले. मानवतहून एक आई रडत होती, आनंदानं. पाथरीहून एक बाप ओरडत होता, "तेरा ठिकाणची पसंती आली! माझी पोरगी एकच हाय, साहेब!" काशीनाथराव एका कानाला एक फोन, दुसऱ्या कानाला दुसरा लावून, दोन्हीकडं सारख्याच गोडीत सांगत होते, "योग आहेत! योग जुळून यावे लागतात!"

"साहेब, आपण चूक झाली म्हणून कळवू," हरिओम म्हणाला.

"चूक?" काशीनाथरावांनी दोन्ही फोन छातीशी धरले. "चूक म्हणायची न्हाई. पसंती सप्ताह म्हणायचं! पंधरा वर्षांत एवढी माणसं माझ्यावर एकाच वेळी खूश न्हवती!"

हरिओम पुढं काही बोलणार, तोच आईचा फोन.

"हरी! आधी घरी ये!" दगडाबाई कुजबुजत्या आवाजात ओरडत होत्या. "पाव्हणे आलेत! दोन घरचे आलेत! मी दोघास्नी एकाच सतरंजीवर बसवलंय. एकमेकांकडं बघायलेत, पन बोलेनात!"

हरिओमनं गाडीला किक मारली. त्याचं गाव पिंगळी येईस्तोवर, काय सांगायचं याची वाक्यं तो हेल्मेटात पुटपुटत होता. एकही धड जमेना.

घरासमोर एक पांढरी अगडबंब गाडी उभी होती. ती गंगाखेडच्या महारुद्र कंत्राटदारांची. गेल्या उन्हाळ्यात याच महारुद्रांनी "पोरगा कॉम्प्युटरवर करतो काय नेमकं?" असं विचारून विषय गुंडाळला होता. आज ते सतरंजीच्या एका टोकाला, मांडीवर पेढ्यांचा खोका घेऊन बसले होते. दुसऱ्या टोकाला चंद्रभान गुरुजी, परभणीतल्या शाळेतून निवृत्त झालेले, पाठ ताठ. त्यांच्या शेजारी त्यांची मुलगी प्रियांका. ती बँकेत होती. "माझ्याबद्दलचं बोलणं माझ्यामागं कशाला?" असं म्हणून ती वडिलांबरोबर स्वतःच आली होती. हरिओमचे वडील मुंजाजी मधोमध बसून दोन्ही बाजूंना आळीपाळीनं मान हलवत होते, बाजारात दोन गिऱ्हाइकांत सापडलेल्या दुकानदारासारखी.

"या जावईबापू!" महारुद्र म्हणाले.

"जावई कुणाचे?" गुरुजींनी चष्मा सारखा केला. "यांची पसंती आम्हाला आलेली आहे. माझ्याकडं मेसेज आहे."

"मेसेज माझ्याकडं बी हाय!" महारुद्रांनी फोन पुढं केला. "अन् तुमच्याआधी एक मिनिट आलेला हाय!"

"तुमी दोघं सोयरे न्हाई का?" दगडाबाईंनी दारातून विचारलं. "मला वाटलं, मामा असतील मुलीचे!"

हरिओम दोघांच्या समोर उभा राहिला. त्यानं हात जोडले.

"ती पसंती मी पाठवली न्हाई. मुकादमानं पाठवली."

ओसरीवरचे सगळे त्याच्याकडं वळले.

"मुकादम?" महारुद्र सावकाश उठले. "ऊसतोडीचा मुकादम? त्याचा अन् माझ्या पोरीच्या लग्नाचा काय संबंध?"

"तसा मुकादम न्हाई ओ..."

"कुठल्या गावचा हाय? नाव सांगा! माझ्याकडं चार मुकादम कामाला हायेत, मी काय मुकादमाला भितो काय!"

"त्याला गाव नसतं! तो ढगात असतो!"

महारुद्रांनी मुंजाजींकडं बघितलं. बापाला पोराच्या डोक्याबद्दल काही माहीत असावं, अशी त्या नजरेत विचारणा होती. मुंजाजींनी आभाळाकडं बघितलं.

"पोरगं चांगलं हाय ओ," दगडाबाई घाईनं म्हणाल्या. "जेवण झालं न्हाई त्याचं."

हरिओमनं मग धीर करून सगळं सांगितलं. शिवारं, खिडक्या, पहिला हुकूम, दुसरा हुकूम. महारुद्रांना त्यातलं एवढंच कळलं, की हा मुलगा हुकूम एकीकडं देतो आणि काम दुसरीकडं होतं. "असला माणूस माझ्या साइटवर एक दिवस टिकणार न्हाई," असं म्हणून ते पेढ्यांच्या खोक्यासकट गाडीत बसले. गुरुजीही उठले. प्रियांका मात्र जरा रेंगाळली. चप्पल घालता घालता तिनं विचारलं,

"म्हणजे पसंती मुकादमानं पाठवली. आता ती चूक होती, हेही तोच कळवणार. तुम्ही स्वतः कधी काही पाठवता का?"

हरिओम तिच्या चपलेकडंच बघत राहिला. तो लाल झाला. ती हसली आणि गेली. ते हसू बरं होतं का वाईट, यावर दगडाबाई आणि मुंजाजींचं पुढं बराच वेळ वाजत राहिलं.

हरिओम हापिसात परतला, तर भक्तीनं एक फोन त्याच्या हातात दिला. "ह्यास्नी तू सांग. माझ्याच्यानं न्हाई व्हायचं."

पलीकडं आश्रुबा होते. गंगाखेडकडच्या एका गावचे, चाळिशी ओलांडलेले. 'जमवाजमव'वर त्यांचं नाव इतकी वर्षं होतं, की त्यांचा फोटो दोनदा बदलावा लागला होता. आजवर एकाही ठिकाणाहून होकार नाही. आज आला होता. एका शिक्षिकेचा. आश्रुबांनी गल्लीत गूळ वाटला होता.

"साहेब," आश्रुबांचा आवाज फुटत होता, "पहिल्यांदा जायचं तर मी सदरा घालू का शर्ट?"

हरिओमनं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग चूक झाली, असं सरळ सांगून टाकलं.



"मला बी वाटलंच व्हतं जरा," आश्रुबा म्हणाले. "पन साहेब, दुपार लय चांगली गेली."

हरिओमनं फोन ठेवला आणि थेट काशीनाथरावांच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला. "साहेब, सप्ताह बंद. आत्ताच्या आत्ता माफी कळवायची. नोकरी ठेवा न्हाई तर काढा!"

त्याचा चेहरा बघून काशीनाथरावांनी मान डोलावली. शिवाय तेरा पसंत्यांवाला बाप पाथरीहून निघाल्याचं त्यांना नुकतंच कळलं होतं.

या वेळी हरिओमनं घाई केली नाही. दुसरी खिडकी बंद केली. हुकमात शिवाराचं नाव लिहिलं: असल. एकेक अक्षर वाचलं. भक्तीनं वाचलं. काशीनाथरावांनी चष्मा लावून वाचलं. जागा बरोबर! मग मजकूर: 'आपल्याला कळवलेली पसंती चुकून गेली होती. ती रद्द समजावी. तसदीबद्दल क्षमस्व.' आणि कुणाला पाठवायचा? तर पसंती कळवलेल्या सगळ्यांना.

एंटर!

जागेची एवढी काळजी घेताना 'सगळ्यांना' या शब्दाकडं तिघांपैकी एकाचंही लक्ष गेलं नाही. मुकादमानं 'सगळ्यांना'चा अर्थ सगळ्यांना असाच घेतला. आजचे, कालचे, केंद्राचं अ‍ॅप सुरू झालं त्या दिवसापासूनचे! म्हणजे 'जमवाजमव'नं जमवलेली, लग्नं होऊन संसाराला लागलेली, पोरंबाळं शाळेत जाणारी सगळी जोडपी!

पहिलं उत्तर मिनिटाच्या आत आलं. पूर्णेच्या एका नवऱ्याचं. 'मंजूर. पुढची प्रक्रिया काय?'

पाठोपाठ सेलूच्या एका बाईचं. 'रद्द त्यांच्याकडून का माझ्याकडून? माझ्याकडून असेल तर चालेल.'

मग एका सासऱ्याचं. 'कपाट व पलंग न्यायला टेम्पो कधी पाठवू?'

संध्याकाळपर्यंत हापिसाबाहेर रांग लागली. काही जण भांडायला आले होते. काही जण, खरं सांगायचं तर, चौकशीला आले होते. पाथरीचा बाप या गर्दीत मागं पडला आणि कंटाळून परत गेला. आश्रुबांचा फोन पुन्हा आला. त्या शिक्षिकाबाईंनी स्वतः फोन करून विचारलं होतं, की चुकून का होईना, नावं एकत्र आलीच आहेत, तर चहाला यायला काय हरकत आहे? "साहेब," आश्रुबांनी विचारलं, "हे बी चुकूनच न्हाई ना?" हरिओमनं भक्तीकडून दोनदा खात्री करून घेतली आणि शर्ट घाला म्हणून सांगितलं.

आणि त्या रांगेतून वाट काढत हेमाताई आल्या. काशीनाथरावांच्या पत्नी. हातात कपड्यांची पिशवी. अ‍ॅप सुरू झालं तेव्हा गिऱ्हाइकांना दाखवायला पहिली जुळलेली जोडी म्हणून काशीनाथरावांनी हौसेनं स्वतःचीच नावं घातली होती.

"पसंती चुकून गेली होती म्हणे," हेमाताई शांतपणे म्हणाल्या. "मी चालले पूर्णेला. माहेरी."

"अगं हेमा! चूक आहे ती!"

"कुठली? लग्न का मेसेज?"

काशीनाथराव पंधरा वर्षं लोकांची तोंडं गोड करत आले होते. कुठल्याही बापाच्या कुठल्याही प्रश्नाला त्यांच्या जिभेवर उत्तर तयार असायचं. पण त्यांची नजर नेमकी त्याच वेळी रांगेतल्या एका ओळखीच्या गिऱ्हाइकाकडं गेली आणि उत्तर द्यायला त्यांना क्षणभर उशीर झाला. एक क्षण! हेमाताईंनी तेवढाही मोजला आणि त्या स्टेशनकडं चालू लागल्या.

त्यानंतरच्या रविवारी हरिओम चंद्रभान गुरुजींच्या घरी गेला, स्वतः. प्रियांकानं चहा दिला आणि दोन तास त्याला प्रश्न विचारले. अजून विचारते आहे. काशीनाथराव त्याच रविवारी पूर्णेला गेले. इस्त्रीचे कपडे, पेढ्यांचा खोका, सोबत मध्यस्थ म्हणून भक्तीचे वडील. सासुरवाडीच्या बैठकीत त्यांना खुर्चीवर बसवलं, पोहे दिले. मेहुण्यानं हसत हसत विचारलं, "आपलं काम नेमकं काय?" काशीनाथरावांनी पोह्यांकडं बघत, अगदी बारीक आवाजात सांगितलं, "लग्नं जुळवतो."

हेमाताईंच्या माहेरच्यांनी विचार करून कळवतो म्हणून सांगितलंय.